पणजीचे भिक्षेकरी बिशप

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिच्यातूनच पुढे लष्कर हे नगर उभे राहिले. त्या नगरातील सराफा बाजाराशी तेथील मराठी घराण्यांचा संबंध जुना आहे. सराफाची एक रीत सर्वांच्या परिचयाची असते. गिऱ्हाईक आपल्या सोन्याची कितीही वाखाणणी करो. सराफ ती शांतपणे ऐकून घेतो आणि डाग कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. दगडावर जी रेघ उमटेल तिच्यावरच मोल ठरते.

धर्मातील थोर शब्दांनाही अशी कसोटी लावावी लागते. प्रीती, नम्रता आणि सेवा हे शब्द ख्रिस्ती प्रवचनांत वारंवार येतात. परंतु सर्व काही सुरळीत चालले असता त्यांचा कस कळत नाही. घरात भांडण लागले, भावाने भावाशी बोलणे सोडले, म्हणजे तो कळतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात अशी भांडणे पुष्कळ झाली. त्यांपैकी एक गोव्यात झाले आणि त्याच्या मध्यभागी वेर्णा गावचा एक धर्मगुरू उभा होता.

अंतोनियु फ्रान्सिस्कु झेवियर अल्वारिस यांचा जन्म १८३६ साली एका कॅथॉलिक कुटुंबात झाला. ते धर्मगुरू झाले तो काळ मोठ्या खळबळीचा होता. पूर्वेकडील ख्रिस्तमंदिरांवर धर्मगुरू नेमण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाला फार पूर्वी मिळालेला होता. त्या व्यवस्थेस ‘पाद्रुआदो’ म्हणत. पुढे रोमने ‘प्रोपागांडा’ या आपल्या धर्मप्रसार मंडळामार्फत थेट बिशप पाठविण्यास आरंभ केला आणि एकाच गावात दोन अधिकार उभे राहिले. मुंबईतील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांनी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या सोसला. अखेर १८८६ साली पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपांना पूर्वेचे पेट्रिआर्क ही पदवी मिळाली. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानातील व सिलोनातील अनेक धर्मग्राम पाद्रुआदोच्या हातून गेले.

ज्यांच्या वाडवडिलांनी ती मंदिरे बांधली, त्या लोकांना कोणी विचारले नव्हते. कागदावरील एका सहीने आपला धर्मगुरू बदलतो, हे पुष्कळांना सहन झाले नाही. सिलोनात या असंतोषाचे पुढारीपण मूळचे गोव्याचे डॉ. पेद्रु मानुएल लिस्बोआ पिंतो यांनी केले. अल्वारिस हेही याच असंतोषाच्या प्रवाहात पडले आणि रोमपासून दूर गेले.

परंतु बिशपावाचून ख्रिस्तसभा कशी चालावी? या प्रश्नाचे उत्तर त्यांना केरळात मिळाले. संत थोमाच्या परंपरेचे ख्रिस्ती लोक तेथे प्राचीन काळापासून आहेत. १६५३ साली मट्टांचेरी येथे जमून त्यांच्यापैकी बहुतेकांनी पोर्तुगीज जेझुइटांचा अधिकार मानणार नाही अशी शपथ घेतली होती आणि त्यांचा एक गट पुढे अंत्युखियाच्या सीरियन ऑर्थोडॉक्स सभेशी जोडला गेला. या मलंकरा सभेच्या महागुरूंनी २९ जुलै १८८९ रोजी कोट्टयम येथे अल्वारिस यांना ‘मार युलियुस’ या नावाने बिशपपदाची दीक्षा दिली. दीक्षा देणाऱ्यांत परुमला येथील मार ग्रेगोरियोस होते, ज्यांना त्या सभेने १९४७ साली संत म्हणून घोषित केले. विशेष असे की अल्वारिस यांच्या अनुयायांवर सीरियन उपासना लादली गेली नाही. त्यांनी आपली लॅटिन पद्धतीची मिस्साच चालू ठेवावी, असे ठरले. परक्याला घरात घेऊन त्याची भाषा न बदलण्याचे हे औदार्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दक्षिण कानडा जिल्ह्यातील ब्रह्मावर येथे गोव्याहून स्थलांतर केलेल्या कोकणी भाषिक ख्रिस्ती कुटुंबांनी अल्वारिस यांची साथ धरली. तेथे पाद्री रॉक झेफरीन नोरोन्हा यांनी १९३६ साली मृत्यू येईपर्यंत धर्मग्रामाचा सांभाळ केला. स्वतः अल्वारिस यांचा मार्ग मात्र गोव्यात परतला, आणि तो काट्यांचा होता. पोर्तुगीज शासन आणि कॅथॉलिक सभा ही त्या काळी एकाच छत्राखाली होती. म्हणून एकाचा बंडखोर तो दुसऱ्याचाही अपराधी ठरे. त्यांची वृत्तपत्रे बंद पाडण्यात आली. त्यांना अटक झाली, बिशपपदाची वस्त्रे अंगावरून उतरविण्यात आली आणि त्यांची रस्त्यातून धिंड काढण्यात आली.

येथपर्यंतची कथा एका कलहाची आहे. अशा कथा पुष्कळदा कडवटपणात संपतात. अपमानित माणूस उरलेले आयुष्य अपमान मोजण्यात घालवतो. अल्वारिस यांच्या बाबतीत तसे घडले नाही.

बिशप होण्याच्या कितीतरी आधी, १८७१ साली, त्यांनी पणजीत एक धर्मादाय मंडळ काढून रस्त्यावरील भिकाऱ्यांची व्यवस्था हाती घेतली होती. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पुन्हा त्याच कामाकडे वळले. पटकीच्या साथी वारंवार येत, तेव्हा त्यांनी उपचारांची माहिती देणारी पुस्तिका लोकांसाठी लिहिली. अन्नाची टंचाई पाहून स्वस्त व सहज पिकणाऱ्या कसाव्याची लागवड करा, असा उपदेश त्यांनी शेतकऱ्यांना केला. त्यांच्या राहत्या घरात निराधार माणसे राहत. कुष्ठरोगी आणि क्षयरोगीही राहत. ज्या रोग्यांना नातलग शिवत नसत, त्यांच्याशी एका छपराखाली राहणे ही त्यांची उपासना झाली. त्यांचा धर्मग्राम म्हणजे हेच घर.

हे घर चालविण्यास पैसा लागे आणि तो कोठूनही येत नसे. तेव्हा हा महागुरू हातात कटोरा घेऊन पणजीच्या रस्त्यांवर भिक्षा मागत फिरे. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका दुकानदारापुढे ते उभे राहिले असता त्याने प्रथम लक्षच दिले नाही, आणि ते हलेनात तेव्हा तो कटोऱ्यात थुंकला. अल्वारिस रागावले नाहीत. हे झाले आपल्या वाट्याचे, आता गरिबांच्या वाट्याचे काही द्यावे, अशा अर्थाचे ते बोलले. आख्यायिकेतील शब्दन्‌शब्द कोणी लिहून ठेवला असेल असे नाही. परंतु ज्या माणसाविषयी लोकांना अशी गोष्ट खरी वाटते, त्याचे आचरण कसे असेल याचा ती पुरावा आहे.

आता एक अवघड प्रश्न उभा राहतो. जो आर्चबिशपांपुढे वाकला नाही, त्याला नम्र म्हणावे काय? आज्ञापालन हा धर्मगुरूच्या व्रताचा भाग आहे. आपल्या शिष्यांनी एक असावे अशी प्रार्थना ख्रिस्ताने अखेरच्या रात्री केली, आणि सभेतील प्रत्येक फूट ही त्या प्रार्थनेवर ओढलेला ओरखडा असते. फुटीचे दुःख पुढाऱ्यांपेक्षा साध्या कुटुंबांनाच अधिक भोगावे लागते. कोणत्या मंदिरात लग्न लावावे आणि कोणत्या दफनभूमीत आईला मूठमाती द्यावी, हे प्रश्न त्यांच्याच दाराशी येतात. कॅथॉलिक माणसाला अल्वारिस यांचा निर्णय मान्य होणे कठीण आहे, आणि तो मान्य असल्याचे सोंग आणण्याचे कारणही नाही.

परंतु त्याच अखेरच्या रात्री ख्रिस्ताने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. त्या पंक्तीत त्याला धरून देणाराही बसला होता. पवित्र गुरुवारी कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन्ही सभांत हा विधी आजही होतो. धर्मगुरू गुडघे टेकून साध्या माणसांचे पाय धुतो. यावरून नम्रता कोणत्या दिशेने वाहते हे कळते. वरिष्ठांपुढे वाकण्यास भीती किंवा लाभ यांचीही साथ मिळू शकते. खालच्यापुढे वाकण्यास मात्र प्रीतीवाचून दुसरे कारण सापडत नाही. अल्वारिस पहिल्या परीक्षेत उतरले की नाही यावर मतभेद राहील. दुसऱ्या परीक्षेविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका घेता येणार नाही.

मृत्यूपूर्वी त्यांचा सभेशी समेट व्हावा म्हणून प्रयत्न झाले. त्यांनी नकार दिला. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या रुग्णालयात अतिसाराने त्यांचे देहावसान झाले. ज्याच्यामागे कोणतीही सत्ता नव्हती, त्या वृद्धाच्या अंत्यदर्शनासाठी पणजीत हजारो लोक लोटले. सांत इनेजच्या दफनभूमीत एका कोपऱ्यात, धार्मिक विधीवाचून, त्यांना पुरण्यात आले. चार वर्षांनी, १९२७ साली, चाहत्यांनी त्यांच्या अस्थी गोळा करून त्याच दफनभूमीत संगमरवरी शिळेखाली ठेवल्या आणि वर मोठा क्रूस उभारला.

सिलोनातील चळवळ काळाच्या ओघात विरून गेली. ब्रह्मावरच्या कुटुंबांनी मात्र आपला धर्मग्राम टिकविला. २०१० साली तेथे मलंकरा ऑर्थोडॉक्स सभेचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. अल्वारिस यांच्या अस्थी पुढे रायबंदर येथील ऑर्थोडॉक्स मंदिरात नेण्यात आल्या, आणि २०१५ साली त्या सभेने अल्वारिस व नोरोन्हा या दोघांनाही संतपदाचा मान दिला.

अधिकारासाठी झालेला तो वाद आज कोणाला फारसा आठवत नाही. ‘पाद्रुआदो’ हा शब्दही इतिहासाच्या अभ्यासकांपुरता उरला आहे. लोकांच्या स्मरणात राहिला तो कटोरा. प्रत्येक धर्मग्रामाने, मग तो कॅथॉलिक असो की ऑर्थोडॉक्स, स्वतःला विचारावे असे त्यात काही आहे: आपल्या मंदिराच्या पायरीवर बसलेला माणूस आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत आहे काय? तो नसेल, तर वेदीवर कितीही दिवे लागले तरी त्या घरात काळोख आहे असेच म्हणावे लागेल.