एका राजमार्गाचें हस्तांतर

रस्ता बांधणें हें एका पिढीचें काम असतें. तो राखणें हें पुढील प्रत्येक पिढीच्या वाट्यास येतें. बांधणाराचें नांव शिळेवर कोरलें जातें, राखणाराच्या हातीं केवळ खर्चाचा आंकडा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कंबरलंड मार्गाचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. राष्ट्रानें बांधलेला हा मार्ग प्रथम घटक राज्यांच्या व पुढें ओहायोसारख्या राज्यांत कौंट्यांच्या, म्हणजे स्थानिक कारभाऱ्यांच्या, पदरीं पडला.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हां तेथील बहुतेक वसाहती अटलांटिक किनाऱ्यालगत होत्या. ॲलेघेनी पर्वतापलीकडे ओहायो नदीचें सुपीक खोरें होतें. परंतु तेथील शेतकऱ्याला आपला माल डोंगर चढवून पूर्वेस आणण्यापेक्षां नदीच्या प्रवाहाबरोबर स्पेनच्या ताब्यांतील न्यू ऑर्लिन्सकडे धाडणें सोपें होतें. व्यापार ज्या वाटेनें जाईल त्याच वाटेनें निष्ठाहि जाईल, ही चिंता जॉर्ज वॉशिंग्टन यांना १७८४ सालच्या पश्चिमेकडील प्रवासांत जाणवली होती. १८०३ सालीं ओहायो राज्य संघांत आलें, त्या वेळीं तेथील सरकारी जमिनींच्या विक्रीच्या निव्वळ उत्पन्नाचा शेंकडा पांच भाग रस्त्यांसाठीं राखून ठेवण्यांत आला. २९ मार्च १८०६ रोजीं अध्यक्ष जेफर्सन यांनीं मेरीलंडमधील कंबरलंड गांवापासून ओहायो नदीच्या दिशेनें जाणाऱ्या मार्गाच्या कायद्यावर सही केली. मध्यवर्ती सरकारनें आपल्या खर्चानें हातीं घेतलेला हा पहिला मोठा राजमार्ग होय.

१८११ सालीं काम सुरू झालें आणि १८१८ सालीं मार्ग ओहायोच्या तीरावरील व्हीलिंग येथें पोहोंचला. वाटेंतील कॅसलमन नदीवर १८१३ सालीं ८० फूट लांबीच्या एकाच कमानीचा दगडी पूल उभारण्यांत आला. तो आजहि उभा आहे. मार्ग खुला होतांच त्यावर टपालगाड्या, सहा सहा घोड्यांच्या मालगाड्या, गुराढोरांचे कळप आणि नव्या मुलुखांत भाग्य शोधावयास निघालेलीं कुटुंबें यांची रीघ लागली. ज्या वर्दळीसाठीं मार्ग बांधला, तीच त्याचा काळ ठरली. चाकांखालीं दगड उखडले, पावसानें बाजू वाहून गेल्या आणि थोड्याच वर्षांत दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला.

दुरुस्तीचा खर्च वाटसरूंनींच सोसावा, म्हणून पथकराचे नाके बसविण्याचें विधेयक १८२२ सालीं काँग्रेसनें संमत केलें. अध्यक्ष मन्रो यांनीं तें नाकारलें. राज्यघटनेप्रमाणें काँग्रेसला रस्त्यासाठीं पैसा देतां येतो. परंतु राज्याच्या हद्दींत नाके बसवून कर वसूल करण्याची व कर चुकविणाराला शिक्षा देण्याची सत्ता तिला नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. म्हणजे ज्यानें मार्ग बांधला त्याला तो राखण्याचें साधन नाहीं, आणि ज्याच्या भूमींतून तो गेला त्याच्यावर तो राखण्याची जबाबदारी नाहीं, अशी विलक्षण स्थिति झाली. काँग्रेस मधून मधून दुरुस्तीसाठीं रकमा मंजूर करी. पण नियमित उत्पन्नावांचून मार्ग नीट राहीना. पुढें अध्यक्ष जॅक्सन यांनीं १८३० सालीं केंटकींतील मेज्‌व्हिल रस्त्याला मदत नाकारून मध्यवर्ती सरकारचा रस्त्यांपासून दूर राहण्याचा कल स्पष्ट केला.

तेव्हां हस्तांतराचा उपाय निघाला. १८३१ व १८३२ या दोन सालांत ओहायो, पेन्सिल्व्हानिया, मेरीलंड व व्हर्जिनिया या राज्यांनीं मार्ग स्वीकारण्याचे कायदे केले. तथापि पेन्सिल्व्हानियानें सावधगिरी दाखविली. आधीं मार्ग नीट दुरुस्त करून द्या, नाके बांधून द्या, मगच तो आम्ही घेऊं, ही तिची अट होती. ती मान्य झाली. सैन्यांतील अभियंत्यांनीं जुना थर काढून मॅक्‌अॅडमच्या पद्धतीनें बारीक फोडलेली खडी घातली. १८३५ सालीं पूर्वेकडील भाग राज्यांच्या ताब्यांत आला. युनियनटाउनजवळील सीअरराइट्स येथील त्याच सालचें विटांचें अष्टकोनी नाकेघर अजून पाहावयास मिळतें.

मार्ग दिला, पण त्यावरील आपला हक्क मध्यवर्ती सरकारनें सोडला नाहीं. सरकारी टपाल नेणाऱ्या गाड्यांवर पेन्सिल्व्हानियानें पथकर बसविला, तेव्हां वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८४५ सालीं सरन्यायाधीश टॉनी यांनीं निर्णय दिला कीं, हस्तांतराच्या करारान्वयें टपालगाड्यांवर असा कर घेतां येणार नाहीं. मात्र टपाल नेण्यास खरोखर लागतील त्याहून अधिक गाड्यांना ही सवलत मागतां येणार नाहीं. सर्वांत वेगानें धांवणाऱ्या गाड्या करमुक्त राहिल्या आणि त्यांनीं उखडलेल्या खडीचा खर्च राज्याकडे राहिला.

इतक्यांत आगगाडी आली. बाल्टिमोर-ओहायो रेल्वे १८४२ सालीं कंबरलंडला व १८५३ सालीं व्हीलिंगला पोहोंचली. दूरचे प्रवासी व माल तिकडे वळले, पथकराचें उत्पन्न आटलें; पूल आणि उतार मात्र होते तितकेच राहिले. ओहायोनें १८५४ सालीं आपला भाग खाजगी मक्त्यानें दिला. तो १८५९ सालीं परत राज्याकडे आला. शेवटीं १८७६ सालच्या कायद्यान्वयें आपापल्या हद्दींतील तुकडा सांभाळण्याचें काम कौंट्यांकडे सोंपविण्यांत आलें. सुमारें ६८ लक्ष डॉलर खर्चून राष्ट्रानें इलिनॉयमधील व्हॅन्डेलियापर्यंत नेलेला मार्ग आतां जागोजागच्या शेतकऱ्यांच्या ऐपतीवर उभा होता. जवळच्या बाजाराला जाण्यापुरता रस्ता त्यांना हवा होता. दूरच्या वाटसरूसाठीं त्यांनीं खर्च कां करावा, हा त्यांचा प्रश्न अन्यायाचा नव्हता.

या प्रश्नाचें उत्तर मिळावयास मोटारींचें युग उजाडावें लागलें. १९१६ च्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारनें रस्त्यांच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याचें मान्य केलें; रस्ता बांधणें व राखणें मात्र राज्याच्या रस्तेखात्यावर सोंपविलें, आणि जें राज्य रस्ता नीट राखणार नाहीं त्याची मदत थांबविण्याची तरतूद केली. १९२६ सालीं जुन्या मार्गाचा बहुतांश भाग ४० क्रमांकाच्या राष्ट्रीय हमरस्त्यांत सामील झाला. १९५६ च्या कायद्यानंतर बांधलेल्या द्रुतमार्गांनीं दूरची वाहतूक पुन्हां आपल्याकडे ओढली, आणि ओहायोंत बाजूस पडलेले कांहीं तुकडे परत गांवरस्ते होऊन बसले.

शंभर वर्षांच्या या घालमेलीचें सार थोडें आहे. रस्त्याबरोबर तीन गोष्टी दिल्या पाहिजेत: तो राखण्याचें कर्तव्य, त्यावर हुकमत चालविण्याचा अधिकार आणि खर्चापुरतें उत्पन्न. कंबरलंड मार्ग देतांना कर्तव्य पुरतें दिलें गेलें, अधिकार अर्धा दिला गेला आणि उत्पन्न आगगाडीनें नेलें. पेन्सिल्व्हानियानें घेण्यापूर्वीं अट घातली, म्हणून तिला निदान धड रस्ता मिळाला; ओहायोच्या कौंट्यांच्या हातीं मार्ग आला, तेव्हां अट घालावी असा धनीच उरला नव्हता.