एकलव्य आणि मुक्ताई

सरकारदप्तरी पूर्वी एदलाबाद या नावाने नोंदलेल्या खानदेशातील मुक्ताईनगराचा लौकिक लगतच्या कोथळी येथील मुक्ताईच्या देवळामुळे वारकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. परंतु आषाढीची वाट कधीही न तुडवलेल्या शहरी प्रेक्षकांपुढे ज्ञानदेवांची ही बहीण 1940 साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटातून आली. त्या बोलपटाचे संगीतदिग्दर्शक केशवराव भोळे हे तत्पूर्वीच वृत्तपत्री टीकाकार म्हणून ख्यातकीर्त झालेले होते.

वाद्य आणि लेखणी एकाच हाती नांदण्याचा योग सर्वत्रच विरळा. न्यूयॉर्कचा माइक झ्वेरिन हा 1948 साली माइल्स डेव्हिसच्या नऊ वादकांच्या ताफ्यात ट्राँबोन वाजवून पुढे पॅरिसला स्थायिक झाला आणि ‘इंटरनॅशनल हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये जॅझवर वर्षानुवर्षे लिहीत राहिला. वैद्यकीचे शिक्षण सोडून रंगभूमीकडे वळलेल्या भोळ्यांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांचे परीक्षण आरंभिले, तेव्हा घराण्याची सनद आणि बुवांचा दबदबा बाजूस ठेवून प्रत्यक्ष कानी पडलेल्या गाण्याचाच दाखला त्यांनी प्रमाण मानला.

परंतु जो इतरांच्या तानांचा जमाखर्च जाहीरपणे मांडतो, त्याच्या स्वतःच्या चालींकडेही लोक त्याच नजरेने पाहणार, ही जोखीम त्यांनी जाणूनबुजून पत्करली. नाट्यमन्वंतराच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (1933) या नाटकात त्यांनी पदांची संख्या आटोपशीर राखून गाण्याला प्रसंगाच्या अधीन केले, ‘संत तुकाराम’मध्ये (1936) अभंगांना भजनी परंपरेचा साधेपणा लाभला, आणि ‘कुंकू’मध्ये (1937) तर पार्श्वसंगीताला रजा देऊन नैसर्गिक ध्वनींवरच भिस्त ठेवण्यात आली. त्याच बोलपटात रस्त्याने गात जाणाऱ्या भिकाऱ्याच्या तोंडी मराठी पद आहे आणि शांता आपटे यांच्या कंठी लाँगफेलोची इंग्रजी कविता. तरी दोन्ही गाणी पात्राच्या स्वभावातूनच उमलल्यासारखी वाटतात.

कोठे थांबावे हे ज्याला टीकाकार म्हणून उमगले, त्यालाच संगीतकार म्हणून वाद्यवृंद गप्प ठेवण्याचे धैर्य झाले, असे मला वाटते. पुढे ‘माझे संगीत’ या ग्रंथात भोळ्यांनी स्वतःच्या रचनांचाही ऊहापोह केला. एकलव्याच्या दरबारात सर्वांत उशिरा हजर झालेला गायक, असा तो स्वतः एकलव्यच ठरला.