इंदूरचा खड्डा, केनियाची कॉफी आणि आळ्यातला चोथा



आमच्या गटाचं काम आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पुण्यातल्या कॉफीच्या दुकानांतून उरलेला चोथा आणायचा, आळ्यात त्याचं कंपोस्ट करायचं आणि थोड्यावर धिंगरी घ्यायची. गटात सहा जण, त्यात चार बाया. "हे कसलं नवीन खूळ?" असं पारावर विचारतात. खूळ म्हणा हवं तर, पण नवीन नक्कीच नाही. कॉफीचा आणि कंपोस्टचा संबंध नव्वद वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आपल्याच बाजूनं सुरू झाला.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारात पुसा इथं सरकारी नोकरीवर आला. तिथले शेतकरी काय करतात ते त्यानं बारकाईनं बघितलं. हे महत्त्वाचं, कारण साहेब लोक तेव्हा शिकवायला यायचे, शिकायला नाही. १९२४ साली त्याच्या हाताखाली इंदूरला शेती संशोधनाची संस्था उभी राहिली. जमीन होळकर संस्थानाची, पीक मुख्यतः कापूस. अडचण आजच्यासारखीच होती. शेण निम्मं चुलीत जायचं आणि पऱ्हाट्या, तुराट्या, तण, पालापाचोळा बांधावर पडून राहायचा. हॉवर्डच्या जोडीला रसायनशास्त्राच्या बाजूनं यशवंत वाड होते. दोघांनी मिळून शेतातल्या टाकाऊ मालावर पुस्तक लिहिलं, ते १९३१ साली छापलं गेलं. जगभर नाव हॉवर्डचं झालं. वाडांचं नाव त्याच मुखपृष्ठावर आहे, पण आपल्याकडच्या किती कृषी पदवीधरांना ते माहीत असेल, कोण जाणे.

त्यांची रीत अशी. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल, म्हणजे हवा खेळती राहते. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, राख आणि शेणाचं पाणी, मग पुन्हा काडीकचरा. तीनदा उलथापालथ करायची: साधारण पंधरवड्यानं, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. शेण लागतं, पण विरजणापुरतं. ज्या गावात ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे, त्या गावाला शेणाचं मोल सांगायला नको, पण थोड्या शेणात जास्त खत कसं करायचं हे इंदूरनं दाखवलं.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट पऱ्हाट्यांची. लाकडासारख्या पऱ्हाट्या कुजत नाहीत, मग फोडायच्या कशा? यंत्र आणलं नाही. शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवल्या, येता-जाता बैलगाड्यांची चाकं त्यावरून फिरली, भुगा झाला. गाडी तशीही जाणारच होती. वेगळा खर्च शून्य.

ही रीत परदेशात आधी कुणी उचलली असेल तर कॉफीच्या मळेवाल्यांनी. १९३३ साली केनियात नैरोबीजवळच्या किंगाटोरी मळ्यात इंदूर पद्धतीचे खड्डे सुरू झाले. पुढं मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या कॉफीवाल्यांनीही ती घेतली. एकच पीक वर्षानुवर्षं घेऊन जमीन दमली होती, आणि पाला, तण, कॉफीच्या फळांची टरफलं मळ्यातच ढिगानं पडलेली होती. जिथं कचरा तिथंच खड्डा आणि तिथंच झाड. वाहतूक फार तर दोन-चार शेतांची.

आमचा पेच नेमका इथं आहे. कॉफीचा चोथा पुण्यात पडतो आणि आमचा खड्डा सुमारे नव्वद किलोमीटरवर.

हिशोब मांडतो, कृषीवाल्यांनी तपासून बघावा. शंभर किलो ओल्या चोथ्यात साठ किलोच्या आसपास पाणीच असतं. उरलं चाळीस किलो सुकं. त्यात नत्र साधारण दोन टक्के, म्हणजे आठशे ग्रॅम. तेवढं नत्र पावणेदोन किलो युरियातून मिळतं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली तर झाले दहा रुपये! दहा रुपयांच्या नत्रासाठी क्विंटलभर ओझं पुण्याहून आणायचं, त्यातही जास्ती पाणी. नुसतं खत म्हणून बघितलं तर धंदा पहिल्याच दिवशी बसला. युरियात कर्ब नसतो, चोथ्यात असतो, हे मान्य. पण कर्बाचे पैसे गिऱ्हाईक देईल तेव्हा खरं.

असा पेच पुण्याच्या आरती संस्थेनं आधीच सोडवून बघितला होता. डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही संस्था १९९६ सालची. त्यांनी उसाचं पाचट धरलं. पाचट हलकं आणि फुगीर, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही. म्हणून त्यांनी पाचट भट्टीकडं नेण्याऐवजी भट्टीच फडात न्यायची ठरवली. पिंपांची, उचलून नेता येणारी. तीन किलो पाचटाचा साधारण एक किलो कोळसा, तो दळून, खळ घालून त्याच्या कांड्या. कांडी वजनदार, गाडीत भरायला परवडणारी, आणि चूल पेटवायला घरोघरी लागणारी. ह्या कामाला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. माझं स्वतःचं मत विचाराल तर पाचट रानातच आच्छादन म्हणून राहिलेलं बरं. पण जे लोक ते पेटवूनच देत होते, त्यांच्यापेक्षा कोळसा केव्हाही चांगला.

दुसरी गोष्ट निवडण्याची. दुकानातून येणाऱ्या पिशवीत चोथ्याबरोबर कागदी पेले, ढवळायच्या काड्या, साखरेच्या पुड्या असतात. पेला कागदी दिसला तरी आत प्लॅस्टिकचा थर असतो, तो कुजत नाही. कचरा उगमापाशीच वेगळा झाला पाहिजे, हे पुण्यातल्या कचरावेचक बाया कधीपासून सांगतायत. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, पुढं त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांच्या पोटापाण्याच्या वाटेत आपण आडवं यायचं नाही, हे आम्ही गटात पहिल्या बैठकीत ठरवलं. आम्ही फक्त चोथा घेतो, बाकी काही उचलत नाही.

वाहतुकीचं उत्तर पऱ्हाट्यांच्या रस्त्यातच सापडलं. आपल्या भागातून भाजीपाल्याचे टेम्पो रोज पुण्याला जातात आणि बरेचसे रिकामे परततात. चोथा त्या परतीच्या गाडीत येतो. टेम्पोवाल्याला थोडं डिझेल सुटतं, आम्हाला पूर्ण भाडं पडत नाही. दुकानदाराला झाकणाची बादली आम्ही देतो, कारण ओला चोथा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो आणि अशा चोथ्यावर धिंगरी नीट येत नाही.

एक दुकानदार आता चोथ्याचे पैसे मागायला लागलाय. यात नवल नाही. कारखान्यांची मळीसुद्धा एकेकाळी "घेऊन जा बाबा" म्हणून मिळायची, आज तिला भाव आहे. कचऱ्याला किंमत आली की तो फुकट राहत नाही. गटातल्या दोघी म्हणतात पैसे द्यावेत, दोघांचं म्हणणं सोडून द्यावा. मी अजून कुठल्याच बाजूला नाही. किलोला एक रुपया दिला तर कंपोस्टात तो निघत नाही, धिंगरीत निघतो, आणि धिंगरी आळेफाट्यावर दोन दिवसांत खपली तरच.

वापरणाऱ्यांसाठी: ताजा चोथा थेट रोपांना घालू नका, त्यातलं कॅफिन बी उगवायला आणि कोवळ्या मुळांना आडवं येतं. रंगानं काळपट असला तरी तो हिरव्या मालात मोडतो, कर्ब-नत्र वीसास एकच्या आसपास. पाचटाचं तेच शंभरास एकपर्यंत जातं, म्हणून दोघांची जोडी जमते. ढिगात चोथा पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर चिकट गोळा होऊन हवा बंद होते. बाकी पाचट, काडीकचरा आणि विरजणाला शेण. आमचा पुढचा ढीग दिवाळीनंतर लागेल. ज्यांच्याकडं पाचट आहे आणि पेटवायचं नाही, त्यांनी सांगावं, गाडी आम्ही आणू.