नेवाडाचा चांदीचा डॉलर

माझ्या संग्रहातल्या १८८३च्या मॉर्गन डॉलरच्या मागच्या बाजूला, गरुडाखाली, ‘सीसी’ ही इवलीशी अक्षरं आहेत. म्हणजे कार्सन सिटीची टांकसाळ, खुद्द नेवाडातली. वजन पावणेसत्तावीस ग्रॅम, नव्वद टक्के चांदी. टेबलावर टाकला की खणखणतो. १९३१मध्ये नेवाडात जुगार कायदेशीर झाला आणि कसिनोंत हेच चांदीचे डॉलर खेळू लागले. पुढे चांदी महागली. १९६३मध्ये नाण्यातली चांदी दर्शनी किमतीला भिडली, लोकांनी डॉलर दडवले आणि मार्च १९६४मध्ये सरकारी खजिन्याने ते देणंच थांबवलं. स्लॉट मशीनना काहीतरी हवंच होतं. १९६५पासून फ्रँकलिन मिंटने कसिनोंसाठी साध्या धातूची टोकनं पाडली. ती देखणी आहेत, पण त्या डॉलरची सर त्यांना नाही.