उभ्या गाडीची बॅटरी का उतरते? ट्रिकल चार्जर म्हणजे काय, आणि तो लावायचा कसा?

नोकरी पुण्यात, गाडी गावी. आमच्याकडे, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या तळेगाव (श्यामजी पंत) इथे, अशा बऱ्याच गाड्या तुम्हाला दिसतील. नागपूर–अमरावती महामार्ग गावाला लागून आहे, पण गाडी मात्र टिनाच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी. दिवाळीला मुलगा येतो तेव्हा फिरते, नंतर थेट उन्हाळ्यात. आणि एखाद्या रात्री घरात कोणाला तरी बरं नसतं, आर्वीला दवाखान्यात न्यायचं असतं, तेव्हा चावी फिरवली की नुसता "टक टक" आवाज येतो. बॅटरी बसलेली.

गाडी करोडोंची स्पोर्ट्स कार असो की दहा वर्षं जुनी हॅचबॅक, बॅटरीचं गणित सारखंच आहे. आणि त्यावरचा उपाय म्हणजे ट्रिकल चार्जर. तो नेमकं काय करतो, कोणता घ्यायचा आणि कसा जोडायचा, हे या लेखात पाहूया.

गाडी बंद आहे, मग बॅटरी का उतरते?

दोन कारणं आहेत.

१) गाडी बंद असली तरी पूर्ण झोपलेली नसते. सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळं थोडा थोडा करंट घेत राहतं. फोनची स्क्रीन बंद असताना मागे ॲप्स चालू असतात ना, तसंच. साध्या गाडीत हा करंट साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. बाहेरून जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम बसवला असेल तर आणखी जास्त.

२) काहीही जोडलेलं नसलं तरी बॅटरी आतल्या आत उतरते. लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांना महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडमध्ये काय होत असेल, विचार करा.

आता हिशेब करू. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी बहुतेक वेळा ३५ एएचची असते. २५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.६ एएच गेले. शेडमधलं दिवस-रात्रीचं सरासरी तापमान ३५ धरलं तर आतल्या आत आणखी ०.१ एएच. म्हणजे दिवसाला ०.७ एएच. साधारण २५ दिवसांत बॅटरी अर्ध्यावर! आणि हे नव्या, धडधाकट बॅटरीचं गणित झालं.

उतरली तर उतरली, पुन्हा चार्ज करू. नाही का?

इथेच बहुतेकांची चूक होते, कारण आपल्याला फोनच्या बॅटरीची सवय आहे.

फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिला सतत १०० टक्क्यांवर ठेवलेलं आवडत नाही, म्हणून तर फोन ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्याय देतो. गाडीतली लेड-ॲसिड बॅटरी नेमकी उलट. तिला कायम भरलेलं राहायला आवडतं. हे तंत्रज्ञान १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी शोधलं आणि त्याचं मूळ रसायन आजही तेच आहे.

बॅटरी उतरताना आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. पण आठवडे तसाच राहिला तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि मग ते सहजासहजी जात नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. तेवढी प्लेट कायमची निकामी. म्हणून महिनाभर उतरलेल्या अवस्थेत पडलेली बॅटरी चार्ज केल्यावर "फुल" दाखवते, पण स्टार्टर फिरवायला गेलं की लगेच मान टाकते.

ट्रिकल चार्जर आणि बॅटरी मेंटेनर यांत फरक काय?

बाजारात दोन्हींना ट्रिकल चार्जरच म्हणतात. पण फरक मोठा आहे.

- जुना, साधा ट्रिकल चार्जर: बारीक करंट सतत सोडत राहतो. बॅटरी भरली की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.
- स्मार्ट चार्जर किंवा मेंटेनर: आधी बॅटरी भरतो (व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत), मग १३.५ ते १३.८ व्होल्टवर येऊन थांबतो. याला फ्लोट म्हणतात. बॅटरी जेवढी उतरेल तेवढंच तो भरतो.

फोनचा चार्जर रात्रभर लावून ठेवला तरी चालतो, कारण कधी थांबायचं हे फोन ठरवतो. गाडीच्या बॅटरीत ते ठरवणारं कोणी नसतं. ते काम चार्जरलाच करावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बाबांच्या गाडीला मी एकदा मे महिन्यात जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर लावला आणि "बारीकच तर करंट आहे" म्हणून नऊ दिवस तसाच ठेवला. बॅटरीवाल्या काकांनी झाकणं उघडून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, बॅटरी उकळवून टाकली तुम्ही. पाणी पाहा ना, प्लेटीच्या खाली गेलं." इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मी चांगली बॅटरी भंगारात घातली होती. जास्त चार्ज झालं की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू निघून जातात, पाणी आटतं आणि प्लेटा उघड्या पडतात.

उन्हाळ्यात तर फ्लोट व्होल्टेजही कमी लागतं: प्रत्येक अंशाला साधारण ०.०१८ व्होल्टने. म्हणजे २५ अंशांना १३.६ योग्य असेल तर ४५ अंशांना १३.२ च्या आसपास. चांगले चार्जर तापमान बघून हे स्वतः करतात. आपल्या भागात राहणाऱ्यांनी "टेंपरेचर कॉम्पेन्सेशन" आहे का, हे आधी बघायचं.

स्पोर्ट्स कारवाले याची इतकी काळजी का घेतात?

कारण त्या गाड्या उभ्याच जास्त असतात आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक्सही जास्त. फेरारी, पोर्श या कंपन्या स्वतःच्या नावाचे मेंटेनर विकतात. पोर्श ९११ मध्ये तर गंमतच आहे. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि त्या डिकीचं लॉक नव्या मॉडेल्समध्ये विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोहोचायलाच बॅटरी लागते! त्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये बाहेरून करंट द्यायची वेगळी सोय केलेली असते.

घेताना काय बघायचं?

- करंट: बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. ३५ एएचला ३.५ अँपिअरपर्यंत, बुलेटच्या ८ एएचच्या बॅटरीला ०.८ पर्यंत. नुसतं टिकवून ठेवायला १ अँपिअरचा स्मार्ट चार्जरही गाडीला पुरतो.
- बॅटरीचा प्रकार: साधी, एजीएम की लिथियम, तो मोड चार्जरमध्ये हवा. लिथियमला डिसल्फेशन मोड कधीच लावू नका.
- वीज परत आल्यावर आपोआप सुरू होतो का: गावाकडे हे सर्वांत महत्त्वाचं. काही चार्जर लाईट गेली की स्टँडबायमध्ये जातात आणि कोणी बटण दाबेपर्यंत तसेच बसतात.
- उलट जोडणी आणि स्पार्कपासून संरक्षण.

विजेचं बिल? फ्लोटवर चार्जर ५ वॉट घेतो असं धरलं तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. नव्या बॅटरीच्या मानाने काहीच नाही.

जोडायचा कसा? (व्हिडिओ कॉलवर बाबांनाही सांगता येईल)

१) चार्जरचा प्लग अजून लावायचा नाही. शेड हवेशीर ठेवा. जवळ विडी, सिगारेट, काडी काही नको, हायड्रोजन पेट घेतो.
२) झाकणंवाली बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आत्ता घाला, बाकी खुणेपर्यंत चार्ज झाल्यावर. नळाचं किंवा आरओचं पाणी नाही.
३) लाल क्लिप बॅटरीच्या प्लसला.
४) काळी क्लिप बॅटरीपासून दूर, इंजिनच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला.
५) आता प्लग लावा, बटण दाबा.
६) काढताना उलट क्रम: आधी बटण बंद, मग काळी, शेवटी लाल.

वायर बोनेटमधून दबणार नाही आणि उंदरांच्या वाटेत येणार नाही, हे बघा.

बॅटरी किती भरली आहे, कसं ओळखायचं?

साधा मल्टिमीटर घ्या. चार्जर काढून किंवा गाडी बंद करून चार-पाच तास झाल्यावरच मोजा, नाहीतर आकडा फुगलेला येतो.

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४: साधारण ७५ टक्के
- १२.२: साधारण ५० टक्के, आजच चार्ज करा
- १२.० च्या खाली: सल्फेशन सुरू झालंय असं समजा

ब्लूटूथवाले बॅटरी मॉनिटरही मिळतात, पण त्यांची रेंज अंगणापुरती. पुण्यात बसून काही दिसत नाही. आमच्याकडे बाबा दर रविवारी मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, तेवढं पुरतं.

नेहमीचे प्रश्न

आठवड्यातून दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली तर?
फारसा फायदा नाही. स्टार्टला गेलेला करंट भरून निघतो, पण आठवडाभरात उतरलेली बॅटरी आयडलिंगवर भरत नाही. शिवाय सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा हायवेवर अर्धा-पाऊण तास फिरवून आणा.

मायनसची वायर काढून ठेवली तर?
चालतं, आणि फुकट आहे. १० नंबरचा पाना पुरतो. पण आतल्या आत उतरणं थांबत नाही, त्यामुळे दोन महिन्यांनी चार्ज करावंच लागतं. घड्याळ, रेडिओची सेटिंग जाते, अलार्मही बंद होतो. आणि रात्री अचानक गाडी लागली तर वायर कोण जोडणार, हे आधी घरी दाखवून ठेवा.

शेडमध्ये प्लगच नाही, मग?
१० वॉटचं सोलर पॅनल चार्ज कंट्रोलरसह लावा. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला दोन-अडीच एएच सहज मिळतात. पॅनल मात्र शेडच्या वर हवं. आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून जोडणार असाल तर आधी तपासा, बऱ्याच गाड्यांत चावी काढली की ते सॉकेट बंद होतं.

इलेक्ट्रिक गाडीला हे लागतं का?
तिच्यातही साधारणपणे वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते. बऱ्याच मॉडेल्समध्ये मोठी बॅटरी तिला अधूनमधून भरते, पण सगळ्यांत नाही. मॅन्युअलमध्ये "जास्त दिवस उभी ठेवताना" हे पान वाचा.

थोडक्यात: गाडी तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर स्मार्ट मेंटेनर लावा किंवा मायनस काढा. जुना चार्जर लावून विसरू नका. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मिठाईच्या डब्यासोबत एक मल्टिमीटरही न्या. घरच्यांना तो वापरायला शिकवायला दहा मिनिटं लागतात. रात्री-अपरात्री चावी फिरवल्यावर गाडी सुरू झाली, की त्या दहा मिनिटांची किंमत कळते.