बाजारचा खाऊ आणि न धरलेली मजुरी

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि गप्पा निघाल्या लहानपणीच्या बाजारच्या खाऊच्या. कुणाला गोडीशेव आठवली, कुणाला भट्टीचे गरम फुटाणे, कुणाला कांदाभजी. प्रत्येकीच्या तोंडाला पाणी सुटलं. मग आमच्यातली एक सत्तरीची मावशी म्हणाली, "तुम्हाला चव आठवते. मला हात आठवतात." तिची आई भट्टीवर फुटाणे भाजायची. त्या बोलण्यावरून आम्ही चार जणींनी बसून हा विषय जुळवला. आज खाऊचा इतिहास सांगतो, आणि त्या हातांचाही.

आमच्या लहानपणी आठवड्यातून एकदा बाजार. आई-वडील पायी नाहीतर बैलगाडीने जायचे, आणि आम्ही पोरं संध्याकाळी वेशीपाशी वाट बघत बसायचो. पिशवीत तळाला कागदाची पुडी असायची. चाराण्याचे फुटाणे, चाराण्याची शेव. चाराणे म्हणजे पंचवीस पैसे. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, सोळा आण्यांचा हिशेब कागदावरून गेला. पण आपल्या तोंडातले चाराणे-आठाणे काही गेले नाहीत. पंचवीस पैशांचं नाणं चलनातून बाद झालं ते थेट 2011 साली.

आता त्या पुडीत काय काय असायचं ते बघू. फुटाणे, लाह्या, चुरमुरे ही सगळ्यात जुनी मंडळी. यांना तेल लागत नाही, तूप लागत नाही. लागते ती भट्टी, लोखंडी कढई आणि तापलेली वाळू. हरभऱ्याला हळद-मिठाचं पाणी लावायचं, मुरू द्यायचं, मग वाळूत भाजायचं. की तडतडून फुटतात. चुरमुऱ्याला खटाटोप जास्त. साळी भिजवायच्या, उकडायच्या, वाळवायच्या, सडायच्या, त्या तांदळाला मीठपाणी लावायचं आणि मग तो वाळूत पडला की क्षणात फुलतो. हे काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्यांना आपण भडभुंजे म्हणतो.

बाकीचा माल मात्र समुद्रापलीकडचा. मिरची, बटाटा, शेंगदाणा ही तिन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून अशी पिकं आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि हळूहळू घाट चढून वर आली. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या काळात महाराष्ट्रात मिरचीचा ठेचा नव्हता, शेंगदाण्याची चटणी नव्हती आणि बटाटावडाही नव्हता. तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती. जे आपल्याला अगदी आपल्या चुलीचं वाटतं, तेही कधीतरी कुणीतरी बाहेरून आणलं, कुणीतरी पहिल्यांदा चाखून बघितलं आणि कुणीतरी रोज करून रुजवलं. आणणाऱ्यांची नावं पुस्तकात सापडतात. रोज करणारीचं नाव सापडत नाही.

हा खाऊ सगळ्यांना सारखा मिळत होता का? नाही. आम्ही मुली बाजारात उभ्या राहून काही खात नव्हतो. "रस्त्यावर तोंड चालवू नये" हे वाक्य भावांना कधी ऐकावं लागलं नाही. भाऊ वडिलांबरोबर जायचे आणि भजी कढईतून निघतात तशी खायचे. आमच्यापर्यंत यायची ती गार झालेली, कागदाला तेल सुटलेली. त्यातही वाटे पडायचे. आईचा वाटा कधी पडलेला आम्हाला आठवत नाही. ती पुडीतला चुरा झटकून तोंडात टाकायची आणि म्हणायची, मला नाही आवडत.

आमच्या गटातल्या दुसऱ्या एकीची आठवण याहून कडू आहे. ती दलित वस्तीतली. साठ-पासष्ट सालची गोष्ट. बाजारात फुटाणेवाला इतर पोरांच्या हातात पुडी द्यायचा. हिला मात्र ओंजळ धरायला सांगून वरून टाकायचा. पैसे जमिनीवर ठेवायला लावायचा. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवलेली होती, 1955 साली तिच्याविरुद्ध कायदाही झालेला होता. कायदा बाजारापर्यंत पोचायचा होता. ती म्हणाली, "फुटाणे खारे होते की मीच रडत होते, ते आता आठवत नाही." आठवणी काढताना ही आठवणही काढायची, असं आम्ही ठरवलं.

आता त्या हातांकडे येऊ. आमची मावशी सांगते, आई पहाटे तीनला उठायची. जळण आणणं, हरभरे भिजवणं, वाळू चाळणं, भट्टी पेटवणं, भाजणं हे सगळं आईचं. सकाळी वडील पाटी घेऊन बाजारात बसायचे. लोक म्हणायचे, अमक्याचे फुटाणे लई भारी. 'अमक्याचे' म्हणजे वडिलांचे. गल्ला वडिलांच्या कनवटीला. आईच्या तळहाताला भाजल्याचे डाग होते, पण तिच्या मजुरीचा पैसा कुठल्याच हिशेबात नव्हता. आम्ही विचार केला, तेव्हा चाराण्याला पुडी भरून फुटाणे कसे परवडायचे? तेव्हा सगळंच स्वस्त होतं, हे खरं. पण त्या चाराण्यात हरभऱ्याची किंमत होती, जळणाची होती. बाईच्या कामाची किंमत धरलेलीच नव्हती, हेही तितकंच खरं.

हे फक्त गावातच नव्हतं. आपल्या भागातली, कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. लालबाग-परळच्या गिरणगावात त्यांना जेवू घालायच्या खाणावळवाल्या बाया. एका खोलीत स्वतःचा संसार आणि त्याच चुलीवर कामगारांचे डबे. पैसे मिळायचे महिन्याने, पण किराणा रोज लागायचा. मग उधारी आणि सावकाराचं व्याज. 1969 साली मोठ्या बँका सरकारी झाल्या, गरिबाला कर्ज द्यायची भाषा सुरू झाली. त्या वेळी प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. जे काम 'घरातलंच' म्हणून सोडून दिलं जात होतं, ते धंदा म्हणून बँकेच्या कागदावर आलं. आज आपण गटाचं खातं काढतो, कर्ज घेतो, त्याच्या मागे अशा बायांची वाट मळलेली आहे.

त्याच मुंबईत वडापाव जन्मला. 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी गाडी लावली, तिथून सुरुवात झाली असं सांगितलं जातं. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले, आणि कित्येकांना पुन्हा गिरणी दिसली नाही. काहींनी वडापावच्या गाड्या टाकल्या, काही गावाकडे परतले. आमच्यातल्या एकीचे वडील असेच परतले आणि स्टँडसमोर वड्याची गाडी लावली. गाडीवर वडील उभे असायचे. बटाटे उकडणं, सोलणं, लसूण निवडणं, चटणी वाटणं हे आई आणि दोघी बहिणी घरी करायच्या. ती म्हणते, "शाळेत माझ्या बोटांना लसणाचा वास यायचा म्हणून मी हात दप्तराखाली लपवायचे."

मग बाईची मजुरी कधी मोजली गेली? आमच्या आयांच्या बाबतीत, दुष्काळात. 1972 च्या दुष्काळात बाजार ओस पडले, फुटाणे कुठले आणि भजी कुठली. पोरांच्या हातावर सुकडी आणि ताटात मिलोची लाल भाकरी. पण खडी फोडायला, रस्त्यावर, बंधाऱ्यावर हजारो बाया गेल्या. पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. हजेरीपटावर बाईचं नाव लागायला लागलं, अंगठा तिचा, पैसे तिच्या हातात. आमच्यातल्या दोघी-तिघींना आठवतं, आईने स्वतःच्या पगारातून पहिल्यांदा भजी आणली होती. त्या दिवशी आईने स्वतःचाही वाटा काढला. बसून खाल्ला. मला नाही आवडत, असं ती म्हणाली नाही.

आता आमचीच चूक सांगतो. मागच्या यात्रेत आमच्या गटाने चिवडा-लाडूचा स्टॉल लावला. दर ठरवताना पोहे, तेल, दाणे, गॅस, पिशव्या सगळं लिहिलं. वर थोडा नफा धरला. यात्रा संपली, नफा वाटला, खूश झालो. ही आठवणींची बैठक झाल्यावर वही पुन्हा उघडली. चिवड्याला चार जणी सहा-सहा तास राबल्या होत्या. म्हणजे चोवीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवसांचा रोज. आणि चिवड्यातून 'नफा' म्हणून जे उरलं होतं, ते तीन जणींच्या एका दिवसाच्या रोजापेक्षाही कमी होतं. मावशीच्या आईला जसं कुणी धरलं नाही, तसं आम्हीच आम्हाला धरलं नव्हतं.

पुढच्या वेळी मजुरी धरून दर लावला. काही गिऱ्हाइकं भाव ऐकून पुढे गेली. माल थोडा उरला, तो आम्ही घरी वाटून घेतला. पण जो विकला गेला त्याचा रोज सुटला. दर वाढवणं सोपं नाही, हे आम्ही लपवत नाही. निदान आपण काय फुकट देतोय, हे माहीत असावं.

आणखी एक. तालुक्याच्या शहरात गाडी किंवा पाटी लावणाऱ्या बहिणींसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात आणि त्यांत किमान एक तृतीयांश बाया असायला हव्यात. आपल्या शहरातल्या समितीवर कोण बाई आहे, हे नगरपरिषदेत जाऊन विचारा.

आणि गटाच्या वहीत एक रकाना जास्तीचा पाडा. पोहे, तेल, गॅस यांच्या शेजारी लिहा: हातांचे तास. बैठकीला घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही आणा, आणि तिला विचारा, तुमच्या वेळचा खाऊ कोण करत होतं. ती सांगेल ते नावासकट लिहून घ्या. बैठक असल्यामुळे चहाबरोबर भजी होतीलच. पहिला वाटा तिचा काढा.