खेळपट्टीचे पाणी : दुष्काळाने परतवलेले सामने

एप्रिल २०१६. मराठवाड्याकडे पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. जालना शहराला पाणी पुरवणाऱ्या जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. लातूरसाठी तर मिरजेहून रेल्वेने पाणी निघाले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन पोहोचली. त्याच दिवसांत मुंबई, पुणे आणि नागपूरची मैदाने आयपीएलसाठी हिरवीगार राखली जात होती.

मोठ्या स्पर्धेचे यजमानपद पर्यावरणालाही लाभते, असे आयोजक नेहमी सांगतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकने होमबुश बे येथील विषारी कचऱ्याने भरलेली जमीन खरोखरच स्वच्छ करून घेतली. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न उलट बाजूने उभा राहिला.

‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. खेळपट्ट्यांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा तिचा दावा होता. म्हणजे १२ हजार लिटरचे ५०० टँकर. मंडळाने सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणारे पाणी मैदानांसाठी वापरण्याची तयारी दाखवली. न्यायालयाचे समाधान झाले नाही. ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या, असा आदेश निघाला. पुण्यातील १ मेच्या सामन्यापुरती सवलत मिळाली. मुंबई आणि पुण्याच्या संघांनी विशाखापट्टणम गाठले, अंतिम सामना बंगळुरूला गेला.

एक गोष्ट मान्य करावी लागते. वानखेडेवर न शिंपडलेले पाणी जालन्यातल्या हंड्यात पडणार नव्हते, आणि विशाखापट्टणमचे गवतही पाणीच पिते. आदेशाचे मोल लिटरांत नव्हतेच. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हे त्याने उघड विचारले. शिवाय प्रक्रिया केलेल्या पाण्याची आठवण आयोजकांना झाली, ती यजमानपद हातचे जाऊ लागल्यावर.

ती आठवण किती टिकली? २०१८ मध्ये कावेरीच्या पाणीवादामुळे चेन्नईचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे आले. पाण्यापायी एकदा सामने गमावलेल्या मैदानाला पाण्याच्याच भांडणाने सामने मिळवून दिले! हीच संस्था पुन्हा न्यायालयात गेली. गहुंजेच्या मैदानासाठी पवना धरणाचे पाणी घेतले जात होते, तेही औद्योगिक वापरासाठीच्या कराराखाली. १८ एप्रिलला न्यायालयाने ते घेण्यास मनाई केली. सामने तरीही झाले. त्या वर्षी चेन्नईनेच विजेतेपद पटकावले.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. डिसेंबरमध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने गादी विभागाच्या अभिजित कटकेला हरवून गदा उंचावली. कुस्तीच्या हौदाला हिरवळ लागत नाही.